नायकाचा हात

आमच्या तांड्याच्या गायरानावर विजेचं सबस्टेशन बसवायचं म्हणजे सरकारची मंजुरी हवी, आणि ती अडली होती ग्रामसभेच्या ठरावावर. आज ठराव झाला नाही तर सबस्टेशन पलीकडच्या गावाला जाणार. आमच्याकडे पाण्याची टाकी बांधून तयार, घरोघरी नळ लागलेले, पण मोटर ओढेल एवढी वीजच येत नव्हती. म्हणून त्या सकाळी देवळापुढच्या मांडवात बायकाच जास्त जमल्या.

वाशिमहून आलेल्या अधिकारी मॅडमनी ठराव वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

माझे मालक भाऊसिंग तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. त्यांनी हात वर केला. बाकी सारे खुशाल बसून राहिले.

"एकच हात? बाकीच्यांचा विरोध आहे का?"

"विरोध कायले राहीन मॅडम?" शेळ्या राखणारा सोमला हसला. "नायकानं हात केला ना. आमचा सगळ्यायचा तोच हाये."

"तसं चालत नाही. प्रत्येकाचा हात मोजावा लागतो."

नायक मागे वळून गरजले, "करा रे हात वर!"

"थांबा! हुकमानं वर झालेले हात मी मोजणार नाही. ज्याचं त्यानं ठरवायचं."

नायक लालबुंद झाले. "मी समोर बसलो तर सगळे हुकमाचेच दिसतीन. मी बाहीर थांबतो," म्हणाले आणि काठी उचलून निघाले.

तिथंच घोटाळा झाला. आमच्यात नायक उठला की बैठक संपली. सारी सभा धोतरं-लुगडी झटकत उठली. मॅडम कागद गोळा करू लागल्या. माझं पाणी पलीकडच्या गावाला निघालं होतं!

मी ओरडलेच, "कुठं चालले रे? नायक गेले, सभा नाई गेली! मले नळाले पाणी पाह्यजे!" आणि हात वर केला.

"नायकण, तू आमाले हुकूम करून राह्यली का?" सोमलाने टोमणा मारला.

"मी माया हाताचं सांगून राह्यली. तुया हाताचं तू पाह्य."

शेजारच्या संगीताने हात वर केला. मग रीताने, कडेवरचं पोर सावरत. मग बायकांची ओळच्या ओळ, त्यांच्यामागे पुरुष. मॅडम मोजता मोजता हसायला लागल्या.

"ठराव मंजूर! विरोधात एक."

नायक धावतच आत आले. "एक? कोन रे?"

सोमला टोपी चाचपत उभा राहिला. "मी. माया शेळ्या त्याच गायरानात चरतात."

"मंग काल माया ओट्यावर बसून च्या पेला, तवा काहून नाई बोलला?"

"काल हात तुमच्यापाशी होता, नायक. आज मले भेटला."

नायक त्याच्यावर रागावले की हसले, ते मला दिसलं नाही. बायकांनी मला उचलूनच घेतलं होतं.