ग्लासाचा नेम

“सकाळी आधी ग्लास, मग चहा. चहाचा ग्लास नव्हे गं, पाझराचा. उजेडाकडे धरायचा. स्वच्छ दिसला तर देवाचे आभार मान आणि कामाला लाग. गढूळ दिसला तर कुणाच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. आधी झडप उघड, मग फोन कर.”

आत्या निवृत्त झाली त्या दिवशी हे बोलली, आणि हात धरून भाचीकडून तसा शब्दच घेतला. हे जुनं मातीचं धरण आधी शाखा अभियंता म्हणून आत्याच्या ताब्यात होतं, आता भाचीच्या. मातीचं धरण थोडं पाझरणारच; तो पाझर पायथ्याच्या छोट्या हौदात येतो. पाणी नितळ आहे तोवर धरणाला नुसता घाम येतोय असं समजायचं. पाण्याबरोबर माती यायला लागली की धरण आतून पोखरलं जातंय. कुणाचा जपाचा नेम असतो, कुणाचा उपासाचा. आत्याचा ग्लासाचा होता. आत्या देवाघरी गेली आणि नेम भाचीकडे आला.

भाचीच्या वरच्या साहेबांनीही धरणाच्या देखभालीत काही कमी केलं नव्हतं. पायथ्याचं गवत भर उन्हाळ्यात, कुणी थेंबभर पाणी न घालता तरारलेलं असायचं. ते बघून त्यांना बाग सुचली. गवत पाणी कुठलं पितंय, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. मोठ्या माणसांना असले बारीक प्रश्न पडत नाहीत. गळती वाढली तर तिच्या तोंडावर टाकायला म्हणून आत्याने जपून ठेवलेली वाळू-खडी बागेच्या पायवाटेत गेली. हौदात रंगीत मासे आले. ‘धोका दिसल्यास शाखा अभियंत्याने झडप उघडावी व नंतर वरिष्ठांस कळवावे’ अशी एक जुनी पाटी होती, तिच्यापुढे फोटो काढण्यासाठी एक भलंमोठं लाल हृदय उभं राहिलं. धरण कसं आहे असं कुणी विचारलं की साहेब बागेचे फोटो दाखवत. विचारणाराही समाधानाने परत जाई.

आज सुंदर परिसराचं बक्षीस देणारी समिती यायची होती. आणि नेमकं आज ग्लासातलं पाणी दूध घातलेल्या चहासारखं दिसत होतं. भाचीने ते ओतून दुसऱ्यांदा भरून घेतलं. तसंच.

“साहेब, पाझराला माती येतेय,” साहेब गाडीतून उतरून हौदापाशी येताच ती म्हणाली.

“बघितलं मी. माशांनी ढवळलं असेल.”

“एवढेसे मासे, साहेब.”

“मग पैलवानाने हात घातला असेल.”

पैलवान म्हणजे रखवालदार. सदरा वाऱ्याने उडू नये म्हणून आत जेवढं माणूस लागतं, तेवढाच होता.

“मी कशाला घालू हात?” पैलवान म्हणाला. “ते मासे माझ्यापेक्षा खाऊनपिऊन आहेत. मलाच ओढून न्यायचे.”

“साहेब, जलाशय उतरवायला हवा. झडप उघडते.”

“आज? समिती नावेतून येणार आहे, मॅडम. पाणी उतरलं की काठाला चिखल दिसतो. पाहुण्यांना काय चिखलात उतरवू?”

“खाली वस्ती आहे.”

“वस्ती कालही होती, धरणही होतं. तुम्हाला सगळं आजच कसं आठवतं?” मग साहेबांचा आवाज एकदम मायाळू झाला. “तुमच्या बदलीचा कागद माझ्या टेबलावर पडलाय. समिती गेली की सही करतो. लेक वाट बघतेय ना तिकडे?”

लेक वाट बघत होती खरी. आजीजवळ राहत होती, आणि कालच फोनवर विचारत होती, “आई, या वेळी नक्की ना?” आईने “नक्की” म्हणून टाकलं होतं.

साहेब रखवालदाराकडे वळले. “पैलवान, तुरटी आण. चांगली फिरव हौदात. पाणी काचेसारखं दिसलं पाहिजे.”

तापाने फणफणलेल्या माणसाला पावडर लावून फोटोला उभं करावं, तशी तुरटी फिरली. काही वेळाने गाळ खाली बसला. साहेबांनी तिचाच ग्लास घेऊन स्वतः भरला आणि उजेडाकडे धरला.

“बघा. उगाच घाबरता. शास्त्रात सगळ्यावर उपाय असतो.”

ते पाहुण्यांना घ्यायला काठाकडे गेले.

ती हौदापाशी थांबली. वर पाणी नितळ होतं. पाझर आत येतो त्या तोंडाशी मात्र मातीचा पट्टा दिसत होता, मघापेक्षा रुंद. धरणाला तुरटीचं कुणी सांगितलंच नव्हतं. तिने दोन शब्द दिले होते. लेकीला दिलेला मोडला तर लेक रुसेल, रडेल, आणि कधीतरी समजूनही घेईल. आत्याला दिलेला मोडला तर समजून घ्यायला खाली कोण उरेल, हे तिला सांगता येईना. ग्लास विसळून तिने पालथा ठेवला.

“पैलवानकाका, आधी भोंगा वाजवा. झडपेचं पाणी जातं त्या ओढ्यात कपडे धुणारे वर निघाले की मला हात दाखवा. मग वस्ती रिकामी करायला लावा.”

“आणि साहेबांनी विचारलं तर?”

“मॅडम झडपेकडे गेल्या म्हणा. झडप उघडली की मीच फोन करते, त्यांना आणि त्यांच्या वरच्यांनाही.”

“बदलीचं काय, पोरी?” पैलवानाने पहिल्यांदाच मॅडम म्हटलं नाही.

“भोंगा, काका.”

झडपेचं चाक फिरवायचा लोखंडी दांडा जागेवर नव्हता. तो फाटकापाशी स्वागताच्या कापडी फलकाला आधार म्हणून लावलेला सापडला. तिने गाठ सोडून दांडा काढून घेतला. फलक एका बाजूने खाली लोंबला आणि त्यावरच्या साहेबांच्या चेहऱ्याला मधोमध घडी पडली.

खाली भोंगा वाजू लागला. पदर खोचून, दांडा खांद्यावर घेऊन ती धरणाच्या माथ्यावरून झडपेच्या मनोऱ्याकडे चालू लागली.