मेराम ओढ्याची मुंगी

कुचिंग शहरातून आलेली ती बाई मुंग्यांसाठी आली आहे, यावर उंपांगचा काडीचाही विश्वास नव्हता. मुंग्यांसाठी कुणी दोन दिवस होडीत हाडं खिळखिळी करून घेतं होय? तिआंग डोंगरावर त्याच्या आजोबांनी राखलेली अगरूची महागडी, सुगंधी लाकडाची झाडं होती. बाईचा डोळा त्यांच्यावरच असणार.

"आकी, झाडाच्या शेंड्यावरची ती पोट फोडून घेणारी मुंगी हवीय," ती बाई, स्वी लिन, म्हणाली. त्या भागात म्हाताऱ्यांना आकी, म्हणजे आजोबाच म्हणतात.

"आणतो की. तू इथेच थांब, वर जळवा फार."

त्याने तिआंगवरून मुंग्या आणल्या. धरलं की पोट फोडून पिवळा चीक अंगावर उडवणाऱ्या. मुंग्या काचेच्या नळीत भरून वर चिठ्ठी लावताना तिने जागा विचारली.

"मेरामचा ओढा." शिकारीला जाताना उंपांगच्या लोकांत खरी जागा कुणी सांगत नाही, रानडुकराच्या कानावर जाते म्हणून. तीच सवय कामाला आली.

"नक्की?"

"आजोबांची शपथ."

दोन वर्षांनी ती परत आली, ती वैतागूनच. मुंगीची जात वेगळीच निघाली होती, दुसरीकडे कुठेही न सापडलेली. ती जिथे राहते ते रान राखायला सरकार तयार होतं. पण मेरामला आठ दिवस शोधून एकही मुंगी मिळाली नव्हती. आणि इकडे तिआंगवर लाकूडवाल्यांनी झाडांना लाल खुणा केल्या होत्या, सोमवारी करवती येणार होत्या.

उंपांगने हातातली सुपारीची डबी खाली ठेवली. "पोरी, मुंगी तिआंगवरची आहे. मी खोटं बोललो."

"वा! करवती येणार म्हटल्यावर मुंगी डोंगर चढली?"

"चल, डोळ्यांनी बघ."

ज्या झाडांपासून तिला लांब ठेवलं, त्याच अगरूंमधून तो तिला घेऊन गेला. तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली. लाल खूण केलेल्या उंच झाडावर तो गुडघे सोलत चढला आणि पानांत दिसेनासा झाला. खाली आला तेव्हा सुपारीच्या डबीत मुंग्या वळवळत होत्या.

तिने नळी काढली, नवी चिठ्ठी काढली, पेन उघडलं. मग तिची नजर डबीवर गेली.

"आकी, चढताना ही डबी रिकामी होती?"

"हो."

"नक्की?"

उंपांगने तोंड उघडलं. पण आजोबांची शपथ त्याने दोन वर्षांपूर्वीच खर्चून टाकली होती.