द्यायचा तो संयोगिताकडं

आवं, जरा इकडं खाली बघा. मी बोलतोय, बाकाखालचा हा गुळगुळीत झालेला बास्केटबॉल. शाळा शिकलो नाही, म्हणून सावकाश सांगतो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते ठाऊक नाही. सांगलीच्या मैदानावर धनाजी सरांनी पंपानं पोटात हवा भरली, तिथून पुढचं आठवतं. तेव्हा अंगावर खरखरीत दाणे होते, पोरींच्या हातात नीट बसायचो.

सरांच्या त्या पोरींच्या संघात संयोगिता होती. तिनं लांबून उडवलं की मी जाळीतून सुळकन खाली. लोक टाळ्या वाजवायचे. आणि कुपवाडची अक्षता होती. समोरच्या पोरीच्या हातातून मला काढून आणायची ती अक्षताच. संयोगिताच्या वाटेत कुणी येऊ नये म्हणून भिंतीसारखी उभी राहायची, कोपरं खायची. तिच्यासाठी टाळी कधी ऐकली नाही. नेम मात्र तिचा कच्चा. तिनं टाकलं की मी रिंगवर आपटून माघारी.

एकदा सर म्हणाले, "अक्षता, तू टाकू नगंस बाई. आणायचा आन् संयोगिताकडं द्यायचा. बास."

"व्हय सर."

तेव्हापासून सरावातसुद्धा तिनं रिंगकडं मान वर केली नाही. सरांना तरी काय बोलायचं? आम्ही जिंकत होतो.

मग साताऱ्यात अंतिम सामना आला. विभागाच्या संघासाठी पोरी निवडणारे समोरच बसले होते. अक्षताला त्या संघात जायचं होतं, लय जायचं होतं. सामना संपत आलेला, आम्ही एका गुणानं मागं. तेवढ्यात संयोगिताचा पाय मुरगळला आणि ती पडली. अक्षता मला घेऊन रिंगखाली पोचली होती. आडवं कुणी नाही.

"टाक गं!" संयोगिता पडल्या जागेवरनं ओरडली.

अक्षतानं मला भिरकावलं. संयोगिता रोज जिथं उभी असते, तिकडं. तिथं कुणीच नव्हतं. मी घरंगळत रेषेबाहेर गेलो आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली.

"आगं म्हशी, मोकळी हुतीस की! टाकायचास न्हवं?"

"तुझ्याकडंच द्यायचा आसतो की गं," अक्षता म्हणाली.

संयोगिताची निवड झाली, अक्षताची नाही. परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर बघत बसले. एकदाच म्हणाले, "मीच तुला टाकू दिलं न्हाई."

"ऱ्हाऊ द्या सर," म्हणून ती हसली. ते हसू मला बघवलं नाही.

आता ती कुपवाडला एका वर्कशॉपात कामाला आहे. रविवारी गाडीवरून येते, बाकाखालून मला काढते. मैदान मोकळं असतं. माझीही हवा कमी झालीय, उसळी धड येत नाही. तरी सांगावंसं वाटतं, पोरी, आता इथं सर नाहीत, निवडणारे नाहीत. चुकू दे नेम, कितीदाही चुकू दे. मी येईन की माघारी. एकदा टाक.

ती रिंगखाली येते, मला छातीशी धरते, आणि द्यायला कुणी आहे का म्हणून मागं वळून बघते.