निरोगी सात

"सात नंबर काढून टाक," मॅडम म्हणाल्या. "लेबल चुकलंय. रुग्णाची बाटली निरोगी लोकांच्या खणात गेलीय."

"शंकासुराकडून लेबल चुकेल?" मशीनवरचा सहकारी म्हणाला. "ती घरी बाळाच्या दुधाच्या बाटलीवरसुद्धा तारीख घालते!"

शंकासुर म्हणजे मी. सगळे हसले. मीही हसले; न हसणं लगेच दिसलं असतं.

आमच्या प्रयोगशाळेत ल्युपसवर काम चालतं. या आजारात शरीर स्वतःवरच उलटतं, सांधे आखडवतं आणि मूत्रपिंड गुपचूप पोखरतं. नेहमीच्या तपासणीत ते दिसतं तोवर फार उशीर झालेला असतो. त्याआधीच लघवीत वाढणारं एक प्रथिन आम्ही पारखत होतो. तुलनेला निरोगी माणसं कमी पडली, तेव्हा मीही एक बाटली भरून दिली होती. सातवी. कुठला नंबर कोणाचा, ती यादी फक्त माझ्या कपाटात.

"पुन्हा लावून बघते," मी म्हटलं.

मशीनला दोन तास लागतात. मी मोजे खाली सरकवले. सुजलेल्या पायांवर वळ खोल रुतलेले. सकाळी बाळाच्या झबल्याचं बटण लागेना, बोटं वळतच नव्हती. मध्येच सासूबाईंचा फोन आला. "पिल्लू झोपलंय गं. तू जेवलीस का?"

"हो," मी खोटंच सांगितलं.

आकडा तोच आला. रुग्णांच्या ओळीत शोभेल असा.

"काढलास का?" मॅडमनी आतून विचारलं. "अहवाल संध्याकाळी पाठवायचाय."

एक ओळ पुसली, की आलेख कसा सुरेख दिसणार होता. आणि मीही निरोगीच राहणार होते. कागदावर.

"मॅडम, लेबल बरोबर आहे. सात म्हणजे मी."

त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. "सकाळी बोटं आखडतात?"

"बाळाला उचलून उचलून असेल."

"मी काय विचारलं?"

"आखडतात."

"हे प्रथिन साध्या जंतुसंसर्गानंही वाढतं. लगेच घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. पण बोलता बोलताच त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली होती, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या नावाने. सात काढ, असं त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत.

वर नर्सने नवी बाटली हातात दिली. सवयीने मी लेबलवर सात लिहिलं. मग ते खोडलं आणि वाचता येईल अशा अक्षरात माझं पूर्ण नाव घातलं. खाली तारीख.