घडीच्या फोनवरचा ताईत

चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. तरी फुटपाथवरची तीस-चाळीस माणसं जागची हलेनात. सगळे दोन्ही हातांत फोन धरून उभे. मग पुढच्या बाईने भीतभीत एक पाऊल टाकलं आणि तिचा फोन खर्रकन थरथरला. पडदा लालभडक झाला, कानठळ्या बसवणारी शिटी वाजली.

"आले! आजोबा आले!" गर्दी ओरडली. दोघीतिघींनी तिथल्या तिथे कमरेत वाकून सिग्नलच्या खांबाला नमस्कार केला.

कोरियातल्या सोल शहराच्या मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाजवळचा हा चौक. एका बाजूला पंचवीस मजली इमारती, दुसऱ्या बाजूला शिकवणीच्या क्लासांची रांग. पिवळं जाकीट घालून, हातात झेंडी धरून माल्सुनआजी हा तमाशा बघत होती. नगरपालिकेने म्हाताऱ्यांना दिलेल्या कामांपैकी तिच्या वाट्याला शाळकरी पोरांना रस्ता ओलांडून देणं आलं होतं. त्याआधी बावीस वर्षं ती कारखान्यात वायरलेस संचांचं सोल्डरिंग करत होती. त्यामुळे देव दिसला तरी त्याची वायर कुठे जाते हे आधी बघायची तिला खोड.

आजोबा म्हणजे डोंगरदेव, आणि त्यांना खाली आणणारी म्हणजे नूडलच्या दुकानाच्या माडीवर राहणारी बेकह्वा भगतीण.

"या चौकाखाली एका सेनापतीचं थडगं आहे," भगतीण डोळे फिरवून सांगायची. "गाड्यांनी त्याची झोप मोडते आणि तो माणसं ओढतो. म्हणून डोंगरदेव आजोबा वाघावरून उतरले नि या खांबावर येऊन बसले. ज्या फोनला माझा ताईत, त्याच्याशी आजोबा बोलतात. संकट असलं तर गर्जतात. गप्प असले, तर खुशाल चाला!"

"आणि वाघ कुठे ठेवला? पार्किंगमध्ये?" माल्सुनने एकदा विचारलं होतं.

"नास्तिकाला वाघाची पाठ दिसत नाही आजी, दातच दिसतात," भगतीण गोड हसून म्हणाली.

ताईत म्हणजे पिवळ्या कागदावर लाल अक्षरं. तो पैसे मोजून घ्यायचा आणि फोनच्या पाठीला चिकटवायचा. त्याआधी फोनची 'शुद्धी': पडद्याआड पाच मिनिटं, धूप, घंटा. ताईत नसलेले फोन मुके आणि ताईतवाले गर्जणारे, हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. एका बाईचा फोन वाजला आणि तिच्या नाकासमोरून जेवण पोचवणारी स्कूटर सुसाट गेली, तेव्हापासून तर विचारायलाच नको. त्या चौकात दर दोन मिनिटांनी एखादी स्कूटर सिग्नल तोडते, हा हिशेब कोणी केला नाही.

सगळ्यात मोठी भक्त दाबिनची आई. दाबिन बारावीला, नोव्हेंबरात विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. आईने तिच्या स्मार्टफोनला वसंतातच ताईत लावला होता. ऑगस्ट उजाडला तसं इमारतीतल्या बाकीच्या आयांनी केलं ते तिनेही केलं: पोरीचा स्मार्टफोन काढून घेतला आणि नुसत्या बोलण्यापुरता घडीचा फोन हातात दिला. अभ्यासाच्या वर्षी खेळणं नको. ताईत मात्र तिने नखाने हलक्या हाताने सोडवला, एक कोपराही फाटू दिला नाही, आणि घडीच्या फोनवर चिकटवला.

"दाबिनच्या आई," माल्सुनने तिला हटकलं, "पोरगी हल्ली शब्दांची वही वाचत रस्ता ओलांडते. तिला म्हणावं, बघून चाल."

"आजोबा आहेत ना."

"म्हातारं माणूस ते. एखाद दिवशी डुलकी लागली तर?"

"आजी, लोक आजोबांचं ऐकायला लागले की तुमच्या झेंडीला कोण विचारणार? तुमच्या पोटात का दुखतंय, कळतं बरं आम्हाला!"

बायका खो खो हसल्या. माल्सुन लाल झाली आणि गप्प बसली. तिथेच तिचं चुकलं. तिला कुठेतरी खटकत होतं, पण अपमान झालेल्या माणसाला दुसऱ्याच्या पोरीपेक्षा स्वतःचं नाक मोठं वाटतं.

सप्टेंबरातला शनिवार, सकाळचे दहा. माल्सुनला सुट्टी, माशाच्या वड्या विकणाऱ्या प्योच्या गाडीवर ती गरम रस्सा पीत उभी होती. दाबिन वहीत डोकं घालून आली. दिवा लाल होता. तिचा खिसा गप्प होता. ती उतरली.

"दाबिन! थांब!"

पोरीने मान वर केली, आजीकडे बघून हसली आणि खिशावर दोनदा थापटलं. जणू म्हणत होती, वाजला नाही, आजी, काळजी नको. पुढच्या क्षणी फ्रिज पोचवणारा ट्रक तिच्यावरून गेला.

जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. घडीच्या फोनवर ओरखडाही नव्हता.

भगतीण हॉस्पिटलात आली. पोरीच्या पायाशी, म्हणजे उरलेल्या पायाशी उभी राहून म्हणाली, "आजोबांनी पाय घेतला आणि जीव सोडला. उपकार माना. ते गर्जले नाहीत, कारण मुलीच्या मनात संशय होता."

माल्सुन नासपतीची पिशवी घेऊन कोपऱ्यात बसली होती. भगतीण गेल्यावर दाबिनने हळूच विचारलं, "आजी, एकदाच मनात आलं होतं की हे खोटं असेल. एकदाच. तेवढ्यावरून?" माल्सुन भगतिणीवर संतापून उठली. त्या रागात तिने पिशवी तशीच परत घरी नेली.

दहाव्या दिवशी भगतिणीने चौकात सेनापतीची शांत मांडली. टेबलावर नैवेद्याला डुकराचं मुंडकं, तांदळाचे केक, शेजारी ढोल. रडून डोळे सुजलेली दाबिनची आई प्रार्थनेसाठी तळहात एकमेकांवर चोळत खांबाजवळ आली. पोरीच्या सगळ्या वस्तू ती अपघाताच्या दिवसापासून पर्समध्ये घेऊन हिंडत होती.

"गर्जा आजोबा, गर्जा!" भगतीण किंचाळली, आणि आईची पर्स गर्जली. लोक गुडघ्यांवर बसले.

माल्सुन बसली नाही. कारखान्यात बावीस वर्षं तिने आवाजावरून संच तपासले होते. पर्समध्ये एक नाही, दोन शिट्या वाजत होत्या. तिने सरळ पर्समध्ये हात घातला आणि निघाले ते तीन फोन डुकराच्या मुंडक्यापुढे ओळीने मांडले.

"हा दाबिनच्या आईचा. ताईत आहे, वाजतोय. हा दाबिनचा जुना स्मार्टफोन. पाठीवर नुसता गोंदाचा डाग, ताईत नाही, तरी बोंबलतोय! आणि हा घडीचा. ताईत आहे. हा का मुका?"

"ताईताचा गुण जुन्या फोनला लागून राहतो," भगतीण म्हणाली. पण ढोल थांबला होता.

"राहतो? मग ज्याच्यावर ताईत प्रत्यक्ष आहे त्याला का लागत नाही? गुण काय भाड्याच्या घरातून निघायला कबूल नाही?"

कोणीतरी फिसकन हसलं. माल्सुन तोवर खांबापाशी गेली होती. वर करड्या रंगाचं, साबणाच्या वडीएवढं खोकं. वसंतात कामगार ते बसवून गेले होते. खाली भगतिणीची जाहिरात. तिने नख घालून जाहिरात फाडली, तसा मागून नगरपालिकेचा कागद निघाला. तिने तो मोठ्याने वाचला: फोनमध्ये मान घालून चालणाऱ्यांसाठी प्रयोग. अमुक ॲप घ्या, मोफत. खांबाजवळ येताच फोन थोडा वेळ इशारा देईल. आणि शेवटची बारीक ओळ तिने दोनदा वाचली: "या यंत्राला वाहने दिसत नाहीत. रस्ता स्वतः पाहावा."

"प्यो, तुझा फोन काढ."

वडीवाल्या प्योने तेलकट बोटांनी दोन मिनिटांत ॲप घेतलं. ना धूप, ना घंटा. खांबाजवळ गेला आणि त्याचा फोन लाल होऊन केकाटला.

"ही हिची शुद्धी!" माल्सुन म्हणाली. "पडद्याआड फुकटचं ॲप घालायचं आणि कागद तुम्हाला विकायचा. फोनवर ॲपची चाळीस चित्रं, एक्केचाळिसावं कोण बघतो? खोकं हाक मारतं, ॲप ऐकतं. घडीच्या फोनमध्ये ते ॲप नाहीच, तर तो ऐकेल काय, कपाळ?"

"श्रद्धा नसेल तिथे..." भगतीण सुरू झाली. एका बाईने तांदळाचा केक उचलून तिच्या तोंडावर मारला. भगतीण जिना चढून पळाली. कालपर्यंत तिला वाकणारेच आता तिला शिव्या देत होते, आणि आपण किती मूर्ख होतो हे मात्र एकही म्हणत नव्हता.

"केक खाली ठेवा," माल्सुन ओरडली. "तिने फसवलं, तुम्ही रांगा लावल्यात. आणि मला सगळ्यात आधी खटकलं होतं, तरी मी गप्प बसले. खोकं चांगलं आहे. त्याला शिव्या नकोत, नमस्कारही नको. वाजलं तर थांबा. नाही वाजलं तरी थांबा. दोन्हीकडे बघा, मग पाय उचला. डोळे आपले, पाय आपला, जीव आपला."

गर्दी पांगली. दाबिनची आई तीन फोनांपुढे तशीच उभी होती.

"म्हणजे जुना फोन तिच्या खिशात असता, तर वाजला असता?"

माल्सुनला खोटं बोलता आलं असतं. "वाजला असता. तो दर वेळी वाजतो, रस्ता मोकळा असला तरी. बघायचं तिलाच होतं. पण वाजला असता."

"तो मी काढून घेतला." आईने टेबलाची कड धरली. "हे तिला सांगू नका, आजी. पाया पडते."

"मी नाही सांगणार. तू सांगायचंस. आजच."

"तुम्हाला माझी दया नाही येत?"

"येते. पण तुझी दया केली तर ती पोरगी जन्मभर म्हणेल, मी संशय घेतला म्हणून माझा पाय गेला." माल्सुनने घडीचा फोन उचलून तिच्या हातात कोंबला. "जा, सांग तिला. म्हणावं, बाळ, संशय एकदाच घेतलास. तो रोज घ्यायला आम्ही तुला शिकवलं असतं, तर तू दोन पायांवर चालत घरी आली असतीस."