शिवेपलीकडचा धूर

कौतिकने चिमूटभर माती हवेत सोडली. ती थेट नाल्यापलीकडे, लेकीच्या घराकडे गेली. घंटागाडीतला कचरा ओतून झाला होता, काडेपेटी हातात होती, आणि वारा काही केल्या फिरत नव्हता.

"आबा, आज पेटाडू नको," पलीकडच्या काठावरून लेक दीपमाला म्हणाली. "पोरले रातभर दम लागना."

"नही पेटाडस, माय," म्हणून कौतिकने गाडी वळवली.

पूर्वी लोणपिंप्री बुद्रुक आणि खुर्द यांची ग्रामपंचायत एकच होती. धूर झाला की खुर्दचे सदस्य सभेत टेबल आपटायचे आणि चार दिवस तरी जाळणं बंद राहायचं. मग खुर्दला आपली वेगळी पंचायत हवी झाली. मिळाली. गुलालात कौतिकही नाचला होता, लेकीचं गाव मोठं झालं म्हणून. पण ते हात दाखवून अवलक्षण ठरलं. आता नाला ही हद्द. बुद्रुकचा कचरा नाल्याकाठी जळतो आणि खुर्दवाले आपला कचरा पुढच्या गावाच्या शिवेवर जाळतात. आषाढात मरीआईचा गाडा असाच जायचा. पीडा शिवेवर न्यायची, पुढच्या गावाने ती आणखी पुढे ओढायची. कौतिकने जन्मभर तो गाडा ओढला. शेवटच्या गावाचं काय होत असेल, हा प्रश्न त्याला आज पडला आणि डोक्यातून जाईना.

बुद्रुकचे सरपंच योगराजभाऊ पंचायतीत चहा पीत बसले होते.

"भाऊ, कचरा जुन्या गायरानमा टाकूत. तठे घरं नहीत."

"गायरान दूर शे. डिझेल कोण देस? आनी नाल्यापलीकडे आपलं एकबी मत नही शे, कौतिक. तू कशाले जीव जाळस?"

"मनी नात शे तठे."

"मंग तिना सरपंचले सांग."

खुर्दच्या सरपंचांकडे तो कालच जाऊन आला होता. हद्द तुमची, आम्ही कोण बोलणार, असं म्हणून त्यांनी हात झटकले होते. कौतिक गाडीची किल्ली टेबलावर ठेवून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लेकीच्या ओट्यावर नातीला मांडीवर घेऊन बसला होता. घंटागाडीचं गाणं नाल्याकडे आलं आणि थांबलं. गाडीवर आता नवल नावाचा पोरगा होता. कौतिकने सवयीने चिमूटभर माती उचलली आणि तशीच टाकून दिली.

त्याने नातीला आत निजवलं, खांद्यावरचं उपरणं बादलीत बुडवलं, पिळलं आणि खिडकीला बांधलं. दुपारी सोडलं तेव्हा ते करडं झालं होतं. त्याने ते धुतलं आणि पुन्हा बांधलं.