काचघराचा पांढरा रंग

"हेस्टर, तो माणूस परत आलाय," अँब्रोज म्हणाला आणि त्यानं शेकोटीजवळची सळई उचलली.

नोव्हेंबरात चार वाजताच अंधारून येतं. आत दिवा लागला की बाहेरची सफरचंदाची झाडं दिसेनाशी होतात आणि जमिनीपासून छतापर्यंतच्या काचेत स्वेटर घातलेला एक म्हातारा उभा राहतो. तो आपणच, हे अँब्रोजला आता उमजत नसे.

"अरे, पाहुणा आहे तो. ठेव बघू ती." हेस्टरनं त्याचा हात धरला आणि चर्चमधलं संध्याकाळचं स्तोत्र गुणगुणायला घेतलं. तिचं नावसुद्धा तो अधूनमधून विसरायचा, पण त्या चालीवर त्याचे ओठ हलत. सळई खाली आली. आजच्यापुरती.

गेल्याच आठवड्यात त्यानं एक काच फोडली होती. मनगटाला टाके पडले. नर्स बजावून गेली होती, "पुन्हा असं झालं तर यांना संस्थेत ठेवावं लागेल, बाई. मग माझ्या हातात काही नाही."

हे पोलाद आणि काचेचं घर त्यानंच आखलेलं, लग्न झाल्या झाल्या. आमच्या दगडी गावानं तेव्हा नाकं मुरडली. अजूनही त्या घराला माशांची काचपेटी म्हणतात. पडद्यांना त्यानं जागाच ठेवली नव्हती. "देवाच्या उजेडाला आडोसा कशाला?" म्हणायचा. हेस्टरनं चादरी चिकटवून पाहिल्या, तर काचेला सुटलेल्या घामानं त्या गळून पडल्या. दिवा मालवून पाहिला, तर अँब्रोज अंधारात लहान मुलासारखा रडला.

सकाळी ती शेजारच्या सिरिलकडे गेली. उन्हाळ्यात रोपं करपू नयेत म्हणून काचघराला फासतात तो पांढरा रंग तिनं मागितला.

"या थंडीत टोमॅटो लावताय की काय, हेस्टरबाई?"

"माझा एकच टोमॅटो आहे, सिरिल. तो करपतोय."

सिरिल हसला. मग त्याच्या लक्षात आलं.

"अख्ख्या घराला? साहेब भानावर असते तर त्यांनी मला फाटकातूनच हाकललं असतं."

"ते भानावर असते तर मी आले असते का?"

सिरिल शिडी घेऊन आला. दोघांनी आतून एकेक काच पांढरी केली. झाडं गेली, कुंपण गेलं, चर्चचा मनोरा गेला. शेवटच्या काचेपाशी हेस्टर जरा थांबली, तिनं बाहेर बघितलं आणि ब्रश फिरवला.

संध्याकाळी दिवा लागला. कोणी आलं नाही. अँब्रोजनं शांतपणे चहा घेतला, लोणी लावलेला पाव खाल्ला, मग भिंतीभिंतीवरून नजर फिरवली.

"कोणाचं गं हे घर?"

"आपलंच."

"एक खिडकी नाही कुठं. ज्यानं बांधलं, त्या बिचाऱ्याला उजेडाचं भय वाटत असणार."

हेस्टरनं पांढरी झालेली बोटं मांडीत लपवली आणि स्तोत्र धरलं. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज अडला.

पांढऱ्या भिंतीकडे बघत अँब्रोज पुढचं एकटाच गात राहिला, एकही शब्द न चुकता.